पऱ्हाटीचा धूर आणि गावची हवा : वडनेर भोलजीच्या निमित्ताने

हवा बिघडली म्हणजे ती दिल्ली-मुंबईची, असा आपला सर्वसाधारण समज आहे. गिरण्या नाहीत, मोटारींची गर्दी नाही, चहूबाजूंनी शेती, तेव्हा खेड्याची हवा स्वच्छच असणार असे आपण गृहीत धरतो. वर्षातील काही महिने हे खरेही असते. परंतु कपाशीच्या पट्ट्यातील गावांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळ-संध्याकाळची हवा बरीच खराब होते. तिला खराब करणाऱ्या गोष्टींपैकी मोठा भाग आपल्याच हातातल्या आगपेटीतून येतो. त्यामुळे तो कमी करणेही आपल्याच हातात आहे.

उदाहरणादाखल बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे गाव घेऊ. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान, मुंबई-नागपूर-कोलकाता महामार्गावरचे हे बाजाराचे गाव. हा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि मध्ये पूर्णा खोऱ्याची काळी सपाट जमीन. कपाशी, सोयाबीन, तूर, ज्वारी, मका आणि ओलिताची सोय असेल तेथे गहू-हरभरा अशी पिके. याच रस्त्याने पूर्वेला गेले की अकोला आणि पश्चिमेला गेले की जळगाव लागते. केंद्र शासनाने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ही दोन्ही शहरे हवा सुधारण्याची गरज असलेली म्हणून घेतलेली आहेत. मधल्या गावांची हवा काही वेगळ्या आभाळाखाली नाही.

पावसापासून मळणीपर्यंत

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची काळजी नाही. पावसाच्या सरी हवेतील धूळ धुऊन काढतात. या काळात त्रास होतो तो गाजरगवताच्या परागकणांचा आणि ओलसर कुटारावर वाढणाऱ्या बुरशीचा. ज्यांना दम्याची किंवा अंगाला खाज सुटण्याची प्रवृत्ती आहे त्यांनी फुलावर आलेले गाजरगवत स्वतः उपटू नये. फुले येण्यापूर्वीच उपटून टाकावे.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू होते आणि येथून खरा प्रश्न सुरू होतो. मळणी यंत्राच्या तोंडाशी दिवसभर उभा राहणारा मजूर रात्री खोकतो. "धूळ गेली नाकातोंडात" असे म्हणून आपण ते सोडून देतो. परंतु सोयाबीनची धूळ ही साधी माती नव्हे. स्पेनमधील बार्सिलोना या बंदराच्या शहरात १९८१ ते १९८७ या काळात ठराविक दिवशी अचानक दम्याच्या तीव्र झटक्याने शेकडो रुग्ण रुग्णालयात येत. कारण बरेच दिवस समजेना. शेवटी असे आढळून आले की, ज्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जाई त्याच दिवशी हे घडत असे. सोयाबीनच्या टरफलातील प्रथिनाची धूळ हे त्याचे कारण होते. धान्य साठवण्याच्या उंच कोठीवर धूळ अडवणारी गाळणी नव्हती. ती बसविल्यानंतर असे प्रसंग थांबले. या प्रकरणातील आणखी एक बाब आपल्या उपयोगाची आहे. हे झटके येत त्या दिवशी वारा मंद असे. धूळ तेवढीच, पण हवा पडलेली असली की ती गावावरच राहते.

म्हणून मळणी यंत्र लावताना वाऱ्याची दिशा पाहावी व भुसा घरांच्या, शाळेच्या बाजूला उडणार नाही असे लावावे. यंत्रात पेंढ्या टाकणाऱ्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे करावे. दुपट्टा किंवा रुमाल नाकाला बांधल्याने जाड कचरा अडतो, बारीक धूळ अडत नाही. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारा एन-९५ जातीचा मास्क वापरावा. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, बाजूने फट राहिली तर उपयोग नाही. ज्याला पूर्वीपासून दमा आहे अशा माणसाला या कामावर लावूच नये, मग तो घरचा असो की मजुरीचा.

थंडीत धूर बसतो कसा

दिवाळीनंतर आभाळ निरभ्र होते, वारा पडतो आणि रात्री लांबतात. सूर्य मावळला की जमीन लवकर थंड होते आणि तिला लागून असलेला हवेचा थरही थंड होतो. त्याच्या वरची हवा मात्र अजून उबदार असते. एरवी खालची गरम हवा वर जाते व आपल्याबरोबर धूर नेते. येथे उलटे घडते. थंड व जड हवा खाली, उबदार हवा वर. जणू गावावर झाकण ठेवले जाते. खालचा धूर त्या झाकणाला अडतो आणि आडवा पसरतो.

हे समजण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही. थंडीत दिवेलागणीच्या वेळी गावाबाहेर उभे राहून पाहावे. चुलींचा धूर थोडा वर जातो आणि एका ठराविक उंचीवर पट्ट्यासारखा पसरतो. नाल्याच्या काठी, सखल भागात तो अधिक दाट असतो, कारण थंड हवा पाण्यासारखी उताराकडे जाते. सकाळी आठ-नऊ वाजेपर्यंत हीच स्थिती राहते. ऊन तापून जमीन गरम झाली की झाकण उघडते आणि दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळेत हवा सर्वांत मोकळी असते.

याचे महत्त्व एका साध्या हिशेबाने लक्षात येईल. कपाशीच्या एका हेक्टरमधून साधारण दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते. उघड्यावर जळणाऱ्या काडीकचऱ्याच्या एका टनामागे पाच ते दहा किलोच्या घरात अतिसूक्ष्म कण हवेत जातात. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढे असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात व त्यांतील काही रक्तातही उतरतात. आपल्या देशात २००९ साली ठरविलेल्या मानकाप्रमाणे २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत असे कण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ सुचविली आहे.

आता एका हेक्टरच्या पऱ्हाटीतून १५ किलो कण निघाले असे धरू. हिवाळ्याच्या संध्याकाळी झाकण ५० मीटरवर असेल, तर तेवढा धूर ५०० हेक्टर क्षेत्रावरील हवा ६० मायक्रोग्रॅमपर्यंत नेण्यास पुरतो. दुपारी हाच धूर हजार मीटर उंचीपर्यंत मिसळला, तर त्याच पातळीला फक्त २५ हेक्टरवरील हवा येते. शेत एक, पऱ्हाटी तेवढीच, फरक वीसपट. प्रत्यक्षात वारा, धुराचा पसारा यांमुळे आकडे कमी-जास्त होतील. पण संध्याकाळी दिवसभराचे काम उरकून जाताजाता ढिगाला काडी लावण्याची जी आपली रीत आहे ती गावासाठी सर्वांत वाईट वेळ आहे, हे यावरून कळून येईल. शिवाय एका संध्याकाळी शिवारात एकच ढीग पेटतो असे थोडेच आहे!

पंजाब-हरियाणात भाताचा पेंढा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थोड्या आठवड्यांत एकदम जळतो, म्हणून त्याची बातमी होते. आपल्याकडे पऱ्हाटी डिसेंबरपासून मार्चपर्यंत सवडीने जळत राहते. बातमी होत नाही, खोकला मात्र होतो.

अलीकडे मोबाईलवर गावाचे नाव टाकले की हवेचा निर्देशांक दिसतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट आणि त्यापुढे गंभीर अशी आपल्या देशातील वर्गवारी आहे. परदेशी ॲपवरील वर्गवारी वेगळी असू शकते, हे ध्यानात ठेवावे. हवा प्रत्यक्ष मोजणारी शासकीय यंत्रे प्रामुख्याने शहरांत बसविलेली आहेत. लहान गावासाठी दिसणारा आकडा बहुधा उपग्रहाच्या व हवामानाच्या माहितीवरून संगणकाने काढलेला अंदाज असतो. आज कालच्यापेक्षा बरी की वाईट एवढ्यापुरता तो उपयोगी आहे. तुमच्या शेजारच्या शेतात पेटलेला ढीग त्याला दिसत नाही.

बोंडअळीचा मुद्दा

येथे अनुभवी शेतकरी विचारतील की, गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी उपटून जाळून नष्ट करावी असे तर आजवर सांगण्यात आले, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने बीटी कपाशीचे जे नुकसान केले ते कोणी विसरलेले नाही. तेव्हा केवळ धुराच्या भीतीने पऱ्हाटी शेतात तशीच उभी ठेवणे किंवा धुऱ्यावर रचून ठेवणे हा मार्ग होऊ शकत नाही.

अळी कोठे राहते हे आधी पाहू. हंगामाच्या शेवटी ती सुप्तावस्थेत जाते. न उमललेली व अर्धवट उमललेली किडकी बोंडे, कवड्या, सरकी आणि खाली पडलेला पालापाचोळा यांत ती दडून बसते. पऱ्हाटीच्या ढिगात अळी असते ती मुख्यतः त्या पऱ्हाटीला लटकलेल्या बोंडांमुळे. पहिल्या पावसाच्या सुमारास त्यांतून पतंग बाहेर पडतात. म्हणजे नष्ट करायचे आहे ते बोंड. त्यासाठी सगळी पऱ्हाटी जाळणे हा सोपा मार्ग आहे, एकमेव मार्ग नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फरदड घेऊ नये. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत पीक संपवावे. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या बसवाव्यात. त्या हिरवी बोंडे व पाला खाऊन टाकतात आणि लेंडीखत शेतात पडते. मात्र त्याआधी कीटकनाशकाची फवारणी झालेली असल्यास, लेबलावर दिलेला काळ उलटल्याशिवाय जनावरे सोडू नयेत. उरलेली किडकी बोंडे व कवड्या मजूर लावून वेचून घ्याव्यात. हा खर्च काहींना जास्त वाटेल, पण पुढील हंगामातील दोन फवारण्यांच्या खर्चाशी तो ताडून पाहावा. वेचलेली बोंडे खोल खड्ड्यात पुरावीत. जाळायचीच तर एवढा लहानसा ढीग भर दुपारी, वारा वाहत असताना जाळावा. जिनिंगमध्येही मे-जूनपर्यंत न पिंजलेला कापूस व सरकी पडून राहिल्यास तेथून पतंग निघतात, तेव्हा हे काम शेतकऱ्याने एकट्याने करून भागत नाही.

बोंडे काढलेल्या पऱ्हाटीचे काय करावे

पऱ्हाटी जाळल्यावर तिच्यातील नत्र आणि गंधक धुराबरोबर निघून जातात. पालाश राखेत राहते खरे, पण ती राख एकाच ढिगाखाली पडते व बाकीच्या शेताला काही मिळत नाही. सेंद्रिय कर्ब तर पूर्ण जातो. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे आणि आपण दरवर्षी त्याचीच होळी करतो.

ट्रॅक्टरवर चालणाऱ्या श्रेडरने पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून ते जमिनीत मिसळणे ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. तुकडे होताना बोंडेही चिरडली जातात. श्रेडर प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. गावातील अवजारे बँकेतून किंवा शेतकरी गटामार्फत ते भाड्याने वापरावे. गटाला घ्यायचे असल्यास कृषि यांत्रिकीकरण योजनेखाली अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. तुकडे जमिनीत गाडल्यानंतर सूक्ष्म जीव ते कुजवताना जमिनीतील नत्र वापरतात. त्यामुळे लगेच पीक घेतल्यास पाने पिवळी पडतात व शेतकरी श्रेडरला दोष देतो. जानेवारीत गाडून जूनमध्ये पेरणी केली तर मध्ये वेळ मिळतो, पण कोरडवाहू शेतात ओल नसल्याने कुजण्याची क्रिया पावसापर्यंत मंदच राहते. म्हणून पहिल्या वर्षी पेरणीच्या वेळी नत्राची मात्रा चुकवू नये.

ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी कंपोस्ट करावे. यासाठी आपल्याच विदर्भातील, यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसविलेली नाडेप पद्धत उत्तम आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी खिडक्या. एका टाक्याला साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली कोरडी माती व दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. थर पूर्ण झाल्यावर वरून शेणमातीने लिंपावे व भेगा पडल्यास बुजवाव्यात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. पऱ्हाटी कठीण असल्यामुळे तिचे दोन-तीन इंचांचे तुकडे केल्याशिवाय ती इतक्या मुदतीत कुजत नाही. तिच्याबरोबर सोयाबीनचे कुटार, कडुनिंबाचा पाला, हरभऱ्याचे काड असे मऊ पदार्थ मिसळावेत. उघड्या ढिगात कुजवणाऱ्यांनी उसाच्या पाचटासाठी रूढ असलेले प्रमाण, म्हणजे टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो कंपोस्ट संवर्धक, वापरण्यास हरकत नाही. ढीग चांगला तापला तर आतील अळ्या व तणांचे बी मरते.

तिसरा मार्ग विक्रीचा. पऱ्हाटीच्या एका किलोत सुमारे ४००० किलोकॅलरी उष्णता असते. तिच्यापासून बॉयलरसाठी ब्रिकेट तयार होतात आणि मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्रही विकसित केले आहे. अडचण वाहतुकीची आहे. मोकळी पऱ्हाटी जागा फार अडवते, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. शेतातच तुकडे करून नेली तरच परवडते. जवळपास खरेदीदार असल्याची खात्री झाल्याशिवाय या भरवशावर ढीग रचून ठेवू नये.

चूल, बंब आणि शेकोटी

शेतातला धूर वर्षातून काही दिवस, घरातला रोज. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. तरी आंघोळीचे पाणी, भाकरी आणि जनावरांचे आंबोण अजूनही पऱ्हाटी, तुराट्या व गोवऱ्यांवर होते. कोंदट स्वयंपाकघरातील धूर बाहेरच्या मानकाच्या कितीतरी पट असतो आणि तो बाईच्या व तिच्याजवळ बसलेल्या लेकराच्या छातीत जातो. पाणी तापविण्याची वेळही नेमकी पहाटेची, म्हणजे झाकण घट्ट असते तेव्हाची. सरपण बंद करा असे सांगून उपयोग नाही, ते फुकट असते आणि सिलिंडर विकत घ्यावा लागतो. निदान सरपण पूर्ण वाळलेले असावे, ओले सरपण दुप्पट धूर करते. चूल उघड्या पडवीत असावी किंवा धुराडे छपराच्या वर काढलेले असावे. दोन-तीन जनावरे असणाऱ्या कुटुंबाने गोबरगॅसचा विचार करावा. पऱ्हाटी सरपणासाठी साठवताना बोंडे झाडून घेण्याची वर सांगितलेली काळजी येथेही लागू आहे.

शेकोटीत टायर, प्लॅस्टिकच्या पिशव्या, खराब झालेल्या ठिबकच्या नळ्या किंवा पीव्हीसी पाईपचे तुकडे कदापि टाकू नयेत. पीव्हीसी जळताना आम्लयुक्त वायू व डायऑक्सिनसारखी विषे तयार होतात. जुन्या नळ्या भंगारवाल्याला द्याव्यात.

उन्हाळा आणि धुरे

मार्चनंतर ऊन व वारा वाढतो, झाकण राहत नाही. या काळात हवेत असते ती मुख्यतः माती. महामार्गाच्या कडेच्या कपाशीवर एरवीही धुळीचा थर दिसतो. अशा झाडांवर लाल कोळीचा उपद्रव अधिक होतो आणि कापसातही कचरा येतो. रस्त्याच्या बाजूने सुबाभूळ, कडुनिंब किंवा करंजाची दाट ओळ लावल्यास धूळ बरीच अडते. कोरडी जमीन वावटळीच्या दिवसांत वारंवार रोटाव्हेटरने बारीक करू नये. ढेकळे राहिलेली बरी, पहिल्या पावसात ती आपोआप फुटतात.

मे महिन्यात धुरे पेटविण्याची पद्धत आहे. धुऱ्यावरचे वाळलेले गवत जाळल्याने तण मरते असे वाटते, परंतु हरळी-लव्हाळ्याच्या मुळ्यांना काही होत नाही. होरपळतात ती बाभळी, निंब आणि पळसाची रोपे. शेजाऱ्याच्या गंजीला आग लागते ती वेगळीच, आणि मग पोलीस पाटलाकडे जावे लागते. गवत कापून धुऱ्यावरच आच्छादन म्हणून पसरावे किंवा नाडेपच्या टाक्यात टाकावे. काटेरी झुडपे जाळण्यावाचून इलाजच नसेल तर दोन्ही बाजूंनी नांगराचे तास काढून पट्टा मोकळा करावा, जवळ पाण्याची टाकी ठेवावी आणि ढीग पूर्ण विझून राख हाताला थंड लागेपर्यंत शेत सोडू नये.